रॅम्प मागताना टेप हातात असू द्या

सदर : घर आणि कायदा

मागच्या अंकात जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की सोसायटीकडे रॅम्प मागणं म्हणजे मेहरबानी मागणं नव्हे. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे. माणसांची आणि इमारतींची नावं काढली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी महापालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात अभियंता होते आणि नोकरीत असतानाच संध्याकाळच्या वर्गाला जाऊन एलएल.बी. केलं. त्यामुळे माझ्या उत्तरांत कलमंही येतात आणि मिलिमीटरही. खरं सांगायचं तर मिलिमीटरवर माझा भरवसा जरा जास्त आहे.

‘एका घरासाठी सगळ्यांचे पैसे?’

ताई, माझे वडील ७८ वर्षांचे. पक्षाघाताने उजवी बाजू गेली, आता व्हीलचेअरवर असतात. घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत पोहोचायला तीन पायऱ्या. दर वेळी वॉचमन आणि मी मिळून खुर्ची उचलतो. रॅम्पचा विषय काढला की सेक्रेटरी म्हणतात, ‘एका घरासाठी सगळ्यांचे पैसे कसे खर्च करायचे? शिवाय एंट्रन्सची शोभा जाईल.’ खजिनदार तर सभेत म्हणाले, ‘त्यांना तळमजल्यावर घर घ्यायला सांगा.’ कायदा आमच्या बाजूने आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

आहे. पण ‘कलम अमुक, रॅम्प बांधा’ इतका सरळ नाही, म्हणून नीट समजून घ्या. नाहीतर सभेत कुणीतरी अर्धवट माहितीवर तुम्हाला गप्प करेल.

तुमचा मुख्य आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ‘हा कायदा सरकारी कचेऱ्यांसाठी, आमच्या सोसायटीला लागत नाही’ हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. तेव्हा कलम २ मधली ‘खाजगी आस्थापना’ची व्याख्या वाचून दाखवा. तिच्यात कंपनी, फर्म यांच्या जोडीला सहकारी संस्था स्पष्ट लिहिलेली आहे. तुमची गृहनिर्माण संस्था सहकारी संस्थाच आहे. कलम ३ समानतेचं आणि भेदभाव न करण्याचं, कलम ५ समाजात राहण्याच्या हक्काचं. तीन पायऱ्यांमुळे माणूस घरात अडकून पडत असेल, तर हा हक्क कागदावरच राहतो.

आता दुसरी बाजू. जुन्या इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वावरता येतील अशा, करायला लावणारं कलम ४५ ‘सार्वजनिक इमारती’बद्दल बोलतं, म्हणजे जिथे सर्वसामान्य लोकांचं येणंजाणं असतं अशी वास्तू. राहत्या सोसायटीला ते थेट लागू होतं असं मी म्हणणार नाही. समोरचा वकील नेमका इथेच बोट ठेवेल. म्हणून अर्जात कलम ४५ वर सगळी भिस्त ठेवू नका. कलम २, ३ आणि ५ धरून लिहा.

आणखी एक गैरसमज. ‘चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा, मग बघू’ असं म्हणतात. चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. दीर्घकाळच्या व्यंगामुळे आणि अडथळ्यांमुळे ज्याचा वावर अडतो, ती ‘दिव्यांग व्यक्ती’. या व्याख्येत टक्केवारी नाही. तरी वडिलांचं प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. पुढे दहा ठिकाणी लागतं, आणि कमिटीचा एक बहाणा कमी होतो.

आता कायद्याचं पुस्तक मिटा आणि टेप घ्या. पायऱ्या मोजा. आपल्याकडची पायरी साधारण १५० मिलिमीटर, म्हणजे तीन पायऱ्यांचे ४५० झाले. रॅम्पचा उतार एकास बारापेक्षा तीव्र नको, असं सगळ्या मानकांत आहे. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. तुमच्या ४५० मिलिमीटरना ५.४ मीटर लागतील, साधारण अठरा फूट. वर आणि खाली खुर्ची वळायला दीड मीटर बाय दीड मीटरची सपाट जागा धरा. रुंदी १२०० मिलिमीटरपेक्षा कमी नको. दोन्ही बाजूंना कठडा हवा, त्याला दोन उंचीवर दांड्या, ७६० आणि ९०० मिलिमीटर. कंत्राटदार येईल आणि म्हणेल, ‘सहा फुटांत बसवून देतो.’ सहा फुटांत तो जे बसवतो ती स्कूटर चढवायची घसरगुंडी असते. त्यावरून वडिलांची खुर्ची खाली सुटली तर तुमच्याच्याने धरवणार नाही. असे रॅम्प मी परवानगी खात्यात असताना नकाशावर रोज पाहायची. कागदावर एकास बारा, जागेवर एकास पाच.

सरळ अठरा फूट मिळत नसतील तर मध्ये सपाट टप्पा घेऊन रॅम्प उलटा वळवता येतो. तेही शक्य नसेल तर पायऱ्यांशेजारी सरळ वर-खाली जाणारा छोटा प्लॅटफॉर्म बसवतात. तो महाग पडतो आणि त्याची देखभाल लागते. रॅम्पचं टोक फूटपाथवर किंवा गटारावर उतरू देऊ नका, नाहीतर महापालिकेची नोटीस येईल आणि सेक्रेटरींना आयता आनंद होईल.

माप झालं की अर्ज. तोंडी काही नको. अर्जासोबत साधा हाताने काढलेला नकाशा, एका कंत्राटदाराचं दरपत्रक, वडिलांचं वैद्यकीय पत्र जोडा आणि पोच घ्या. अर्जात ‘कृपा करून’ दहादा लिहू नका. मजकूर असा काहीसा असू द्या : ‘संस्थेच्या प्रवेशद्वारापाशी ४५० मि.मी. उंचीचा अडथळा असल्याने दिव्यांग सदस्याला इमारतीत स्वतंत्रपणे ये-जा करता येत नाही. सोबतच्या नकाशाप्रमाणे रॅम्प बांधण्याचा विषय पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा व नाकारल्यास कारणांसह लेखी कळवावे.’ शेवटचे पाच शब्द महत्त्वाचे. नकाराची कारणं कागदावर उतरवायची वेळ आली की ‘शोभा जाईल’ हे वाक्य लिहायला कुणाचा हात धजत नाही.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. तोवर थांबायचं नसेल तर एकपंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते, आणि सहकार कायद्याच्या कलम ७६ प्रमाणे ती महिन्याभरात बोलवावी लागते. सह्या गोळा करताना ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत, लहान बाळाची गाडी आहे, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, त्यांच्याकडे आधी जा. एका घराचा प्रश्न नाही हे सह्यांवरूनच दिसेल.

तरीही नकार आला, तर दिव्यांग व्यक्तींसाठीचे राज्य आयुक्त, ज्यांचं कार्यालय पुण्यात आहे, त्यांच्याकडे तक्रार करा. वकील लावलाच पाहिजे असं नाही. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मात्र ते शिफारस करतात. शिफारस मान्य नसेल तर तीन महिन्यांत कारणं द्यावी लागतात. त्यामुळे एकाच दारावर विसंबू नका. सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडेही प्रत जाऊ द्या.

खजिनदारांच्या वाक्याबद्दल. चारचौघांसमोर दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम पाणउतारा केला तर कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं कैदेची तरतूद आहे. तुमच्या खजिनदारांचं बोलणं हलकट आहे, पण त्याने हे कलम लागेल असं मला वाटत नाही. आणि लागत असतं तरी मी तुम्हाला पोलिसांत आधी जा म्हटलं नसतं. त्याच इमारतीत राहायचं आहे, आणि रॅम्पच्या ठरावाला त्यांचंही मत लागणार आहे.

लिफ्ट हवी, पण तळमजला म्हणतो ‘आम्हाला काय?’

मी स्वतः सोसायटीचा सेक्रेटरी आहे. चार मजले, लिफ्ट नाही, इमारत १९८४ची. वरच्या मजल्यांवर आता सगळे सत्तरीचे. लिफ्ट बसवायची म्हटलं तर तळमजल्यावरचे चार सभासद पैसे द्यायला तयार नाहीत.
— एक सेक्रेटरी, ठाणे

सेक्रेटरींचं पत्र आलं याचा आनंद झाला. माझ्याकडे बहुतेक पत्रं सेक्रेटरींविरुद्ध येतात.

देखभालीचा प्रश्न आदर्श उपविधींनी, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांनी, सोडवून ठेवला आहे. लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि वीज यांचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांमध्ये सारखा वाटायचा, लिफ्ट वापरा किंवा न वापरा. तळमजलाही त्यात आला. पण नवी लिफ्ट बसवायचा भांडवली खर्च हा सर्वसाधारण सभेने ठरवायचा विषय. तिथे थोडं सोडून द्या. बसवण्याच्या खर्चात तळमजल्याचा वाटा कमी, चौथ्या मजल्याचा जास्त, असा ठराव एकमताने झाला तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. चाळीस वर्षांच्या शेजाऱ्यांमध्ये हा सौदा वाईट नाही.

त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा अहवाल घ्या. १९८४ची इमारत लिफ्टचा भार अंगावर घेईलच असं नाही. बऱ्याचदा बाहेरून स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभा करून जिन्याच्या मधल्या टप्प्यापाशी लिफ्ट थांबवतात. ही युक्ती स्वस्त, पण मग प्रत्येक मजल्याला अर्धा जिना चढायचा उरतोच आणि व्हीलचेअरवाल्याला तिचा काही उपयोग नाही. मोकळ्या जागेत बांधकाम होणार म्हणून महापालिकेची परवानगी लागेल. लिफ्ट उभारायला आणि चालवायला २०१७च्या महाराष्ट्र लिफ्ट कायद्याखालची परवानगी वेगळी. लिफ्टच्या पाळण्याचं दार ९०० मिलिमीटर मोकळं मिळेल असाच पाळणा मागा. चार माणसांचा पाळणा बसवून पैसे वाचवलेत तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला तेच बाहेर राहतील.

पुनर्विकासाच्या करारात काय लिहून घ्यावं?

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे. मला पोलिओमुळे दोन्ही पायांना कॅलिपर आहे, घरात व्हीलचेअर वापरते. बिल्डर म्हणतो, ‘मॅडम, सगळं नव्या नियमांप्रमाणे होईल, काळजी करू नका.’ मला काळजी वाटते.
— एक वाचक, मुलुंड

वाटू द्या. ती काळजी करारात उतरवा.

२०१६च्या कायद्याचं कलम ४४ म्हणतं, की सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला परवानगी नाही आणि नियम न पाळता बांधलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला नाही, ताबाही नाही. वाचायला भक्कम वाटतं. पण हे नियम म्हणजे नेमके कोणते, यावरच गाडी अडली होती. केंद्राच्या नियमावलीतला नियम १५ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवत होता, आणि सूचना म्हणजे पाळल्या तर पाळल्या. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पकडलं. मूळ कायद्याला बंधनकारक मानकं अभिप्रेत असताना नियमाने त्यांना नुसत्या शिफारशींवर आणून ठेवलं, म्हणून नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं.

म्हणून ‘नियमांप्रमाणे होईल’ या दोन शब्दांवर सही करू नका. आकडे लिहून घ्या. करारातला आकडा हा तुमचा आणि बिल्डरचा कायदा असतो. सरकारी नियम उद्या बदलला तरी तो जागचा हलत नाही.

काय लिहून घ्यायचं? रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नाही, जिथे उंची आहे तिथे एकास बाराचा रॅम्प. पार्किंगमधून लिफ्टकडे जातानाही हेच. बिल्डर मुख्य दरवाज्याला संगमरवरी रॅम्प करतो आणि पार्किंगच्या बाजूला सहा इंचांचा कट्टा सोडतो, म्हणून दोन्हीकडचं वेगळं लिहा. किमान एक लिफ्ट मोठी, आत २००० बाय ११०० मिलिमीटर, दार ९००. ती तळघरापासून गच्चीपर्यंत सगळीकडे थांबणारी. बटणांना ब्रेल आणि मजल्याची घोषणा. जनरेटरवर चालणारी लिफ्ट हीच, दुसरी नव्हे.

मग तुमचं स्वतःचं घर. इथे माझा सगळ्यात मोठा आग्रह न्हाणीघराच्या दारापाशी आहे. आपल्याकडे बिल्डर न्हाणीघराला ७५० मिलिमीटरची चौकट लावतात. चौकट आणि दाराची जाडी गेली की हातात साडेसहाशे उरतात. व्हीलचेअर तेवढीच रुंद असते, वर तुमची कोपरं. ९०० मिलिमीटर मोकळं माप लिहून घ्या, ‘मोकळं’ हा शब्द धरून. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगावर आत उघडणारं दार उघडता येत नाही. न्हाणीघराचा उंबरा नको. पाणी अडवायला उताराची फरशी आणि लांब जाळी पुरते. कमोडच्या दोन्ही बाजूंना दांड्या बसतील अशी भरीव वीट किंवा काँक्रीट, पोकळ ब्लॉक नको. बाल्कनीचा सरकता दरवाजा खालच्या पट्टीसकट जमिनीच्या पातळीत.

हे सगळं बांधताना फुकटात होतं. नंतर फोडून करायचं म्हटलं तर वॉटरप्रूफिंगपासून सुरुवात.

मजल्याचं काय? घरांचं वाटप सोडतीने होणार असेल तर सोडतीच्या आधीच्या सभेत ठराव करून घ्या, की दिव्यांग आणि ज्येष्ठ सभासदांना मजला निवडायची पहिली संधी. सोडतीनंतर हा विषय काढला तर तुमचा हक्क दुसऱ्याच्या हातून घर काढून घेतल्यासारखा दिसतो. तुम्हाला खालचाच मजला हवा असं मी गृहीत धरत नाही. व्हीलचेअर वापरणाऱ्या कितीतरी जणींना वरचा वारा आणि उजेड हवा असतो. मोठी लिफ्ट असेल तर तो का नसावा?

शेवटचं, आणि हे हमखास विसरलं जातं. तीनचार वर्षं तुम्ही भाड्याच्या घरात काढणार. ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाचा निर्णय ५१ टक्क्यांच्या संमतीने होतो. म्हणजे तुमची तयारी असो वा नसो, घर रिकामं करावंच लागेल. तात्पुरत्या भाड्याची रक्कम सगळ्यांना सारखी ठरते, पण लिफ्टचं, पायरी नसलेलं, रुंद दारांचं घर मुलुंडमध्ये त्या पैशांत मिळेलच असं नाही. वाढीव भाडं किंवा त्या घरात दांड्या, रॅम्प बसवायचा खर्च बिल्डरकडून, असा स्वतंत्र परिच्छेद तुमच्या वैयक्तिक करारात हवा. सोसायटीच्या मुख्य करारात नव्हे, तुमच्या नावाच्या करारात.

वाड्यात कमोड बसवला तर घरमालक बाहेर काढील का?

आम्ही पेठेतल्या वाड्यात माझ्या आजेसासऱ्यांपासून भाडेकरू आहोत. सासूबाईंना खाली बसता येत नाही. संडासात कमोड आणि दोन दांड्या बसवायच्या आहेत. शिवाय लाकडी जिन्याचा कठडा डुगडुगतो. घरमालक म्हणतात, ‘एक खिळा ठोकलात तर कोर्टात खेचीन.’
— एक वाचक, पुणे

खिळा ठोकायला हरकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीशिवाय ‘कायम स्वरूपाचं बांधकाम’ केलं तर घर खाली करून मागता येतं. पण काय कायम बांधकाम मानू नये याची यादी तिथेच आहे : लाकडी पार्टिशन, उभ्याने स्वयंपाकाचा ओटा, दार, खिडकी, फॉल्स सीलिंग. जिथे लागेल तिथे पालिकेची परवानगी घेऊन, एवढंच. भिंतीला स्क्रूने लावलेली दांडी या कशाच्याही जवळपास जात नाही. कमोडचं मात्र जपून करा. ड्रेनेजची लाइन फोडायची असेल तर पालिकेला विचारा आणि मालकांना रजिस्टर पोस्टाने कळवून ठेवा. संडास सामाईक असेल तर इतर बिऱ्हाडांचं लेखी मत घ्या. लाइन फोडायची नसेल तर भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते, ती सर्जिकलच्या दुकानातून आणा आणि भांडण टाळा.

कठड्याची गोष्ट वेगळी. ती दुरुस्ती आहे आणि ती मालकाची जबाबदारी, कलम १४. पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या. त्यांनी केलं नाही तर तुम्ही करून खर्च भाड्यातून कापू शकता. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाची. पेठेतल्या जुन्या भाड्यांचे आकडे पाहता त्या रकमेत सुताराचा चहासुद्धा होणार नाही, हे मलाही कळतं. तरी नोटीस पाठवा. उद्या कुणी त्या जिन्यावरून पडलं तर कागद तुमच्या बाजूने असेल.

‘सीनिअर लिव्हिंग’ लिहिलेलं असलं म्हणजे झालं?

तळेगावजवळ ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पात फ्लॅट बघतो आहोत. जाहिरातीत योगा हॉल, मंदिर, ग्रंथालय सगळं आहे. कशाकडे लक्ष द्यावं?
— एक दांपत्य, मुंबई

मंदिराकडे नको. २०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकल्पांना किमान निकष घालून दिले. त्यात व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, ९०० मिलिमीटरची दारं, कठडे, न घसरणाऱ्या फरशा, न्हाणीघरात दांड्या, असं बरंच आहे आणि हे सगळं विक्री करारात लिहिलं पाहिजे. करारनाम्याचा मसुदा आधी मागा. हे निकष त्यात नसतील तर ‘सीनिअर’ हा शब्द फक्त दर वाढवायला वापरला आहे असं समजा. नमुना फ्लॅट बघायला जाताना टेप न्या आणि न्हाणीघराचं दार मोजा. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

घरकुल चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही

पंतप्रधान आवास योजनेत, शहरी भागात, नाव लागलं. मी कुबड्यांवर चालतो. सोडतीत चौथा मजला आला तर?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

सोडत व्हायच्या आधी लेखी द्या, आजच. या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग किंवा ज्येष्ठ व्यक्ती असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत असं आहे. शिवाय २०१६च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे घरवाटपाच्या योजनांत पाच टक्के आरक्षण, त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य. त्यासाठी चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. अर्जात दोन्ही संदर्भ द्या. ‘शक्यतो’ हा शब्द अधिकारी सोयीने वापरतात, म्हणून नुसती सूचना दाखवून थांबू नका.

एडिसनहून

आई माझ्याकडे राहायला आली आहे, पार्किन्सन आहे. आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. बाथटबपाशी दांड्या लावायच्या आहेत. मॅनेजमेंट म्हणतं, भिंतीला भोक पाडायला परवानगी नाही. इथे काय कायदा आहे?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

तुमच्याकडचा कायदा या बाबतीत आमच्यापेक्षा स्पष्ट आहे. १९८८च्या दुरुस्तीनंतर अमेरिकेचा फेअर हाउसिंग कायदा सांगतो, की अपंग रहिवाशाला घर वापरता यावं म्हणून लागणारे वाजवी बदल भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने करायचे म्हटले तर मालकाला नाही म्हणता येत नाही. अपंग व्यक्ती करारावर सही करणारीच हवी असं नाही, त्या घरात राहणारी असली तरी चालते. घर सोडताना आतले बदल पूर्ववत करून द्या, एवढी अट मालक वाजवी असेल तिथे घालू शकतो. त्यासाठी नेहमीचं डिपॉझिट मात्र वाढवता येत नाही. मालक स्वतः राहतो अशा चार किंवा कमी घरांच्या इमारतीला या कायद्यातून बरीचशी सूट आहे, तुमचं तसं दिसत नाही.

आणि तुमची इमारत १३ मार्च १९९१ नंतर पहिल्यांदा राहायला खुली झालेली, चार किंवा जास्त घरांची असेल, तर लिफ्टच्या इमारतीत सगळ्या आणि बिनलिफ्टच्या इमारतीत तळमजल्यावरच्या घरांमध्ये बाथरूमच्या भिंती दांड्या बसवण्यासाठी आधीच मजबूत करून ठेवणं बंधनकारक होतं. मुलुंडच्या बाईंनी बिल्डरकडून मागून घ्यायची गोष्ट तिथे पस्तीसएक वर्षांपूर्वी कायद्यात लिहिली गेली. मॅनेजमेंटला ईमेल करा, डॉक्टरांचं चार ओळींचं पत्र जोडा. आजाराचा सगळा इतिहास द्यायची गरज नाही, दांडी का लागते एवढं पुरे. नकार आला तर केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे, ज्याला तिथे हड म्हणतात, एका वर्षाच्या आत तक्रार करता येते.

गावाकडचं घरकुल

माझा भाऊ लहानपणापासून रांगतो. ग्रामीण घरकुल मंजूर झालं आहे, पाया आखायचा आहे. गवंडी म्हणतो, पुराचं पाणी येतं म्हणून जोतं अडीच फूट घ्या. संडास मागे, वेगळा.
— एक वाचक, सांगली जिल्हा

गवंडी बरोबर आहे, पुराच्या गावात जोतं उंच हवंच. पण अडीच फुटांना तीस फुटांचा उतार लागतो. पायऱ्यांचा विचार सोडा. अंगणात मुरूम-मातीचा भराव घालून घराच्या भिंतीलगत लांब उतार काढा आणि वरून कोबा करा. मधे सपाट टप्पा ठेवा. रांगणाऱ्या माणसाला खडबडीत कोबा टोचतो, म्हणून तुमच्या भावासाठी पृष्ठभाग गुळगुळीत नको तसा दातेरीही नको, झाडूने हलका ओढलेला बरा.

संडास मागे वेगळा बांधू नका. घराच्याच जोत्यावर, भिंतीला लागून घ्या, म्हणजे रात्री पावसात त्याला अंगणात उतरावं लागणार नाही. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आणि सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार. संडासासाठी स्वच्छ भारतचे १२ हजार वेगळे. इतक्या पैशांत उतार बसणार नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो दिवाळीला हजार-पाचशे वाटून संपवतात. यंदाच्या ग्रामसभेत भावालाच घेऊन जा आणि त्याच्या नावाने अर्ज वाचा : उतार, संडासातली दांडी, उंबऱ्याशिवायचं दार. पंचायत समितीत घरकुलांचं काम बघणारा अभियंता असतो. पाया खणायच्या आधी त्याला जागेवर आणा. एकदा जोतं भरलं की तो पुढच्या हप्त्याचा फोटो काढायलाच येईल.